बुवापाड्याचा सॉक्रेटिस

३ जुलै, गुरुवार

मंडळाची मीटिंग. चहा थंड, डोकी त्याहून थंड. नवचैतन्य मित्र मंडळाचं यंदा चाळिसावं वर्ष, आणि बुवापाड्यातल्या एकालाही गणपतीच्या देखाव्यासाठी केदारनाथच्या पुढे काही सुचत नाही. तीन वर्षं केदारनाथ. त्याआधी अमरनाथ, म्हणजे तोच डोंगर, फक्त कापूस जास्त. वीट आला या लोकांचा.

मी उभा राहिलो आणि सांगून टाकलं. यंदा प्राचीन ग्रीस. चार दृश्यं, चारही हलती. एक, शिल्पकार फिडियास अथीना देवीची मूर्ती घडवतोय. दोन, पेरिक्लीस अथेन्सच्या जनतेपुढे भाषण करतोय. तीन, सॉक्रेटिस सत्यासाठी विषाचा प्याला पितोय. चार, कितीतरी शतकांनी श्लीमन नावाचा जर्मन व्यापारी ट्रॉय शहर खणून काढतोय आणि तिथे सापडलेले दागिने बायकोच्या अंगावर चढवतोय.

अध्यक्ष सनी भोईर म्हणाला, सर, यात आपलं कोण आहे? सातवीत माझ्याकडे होता. इतिहासात अकरा मार्क. ते अकरा दिले ही माझी चूक.

शेवटी मंजूर. दुसऱ्या कुणाकडे आयडियाच नव्हती. संकल्पना माझी, निवेदन माझ्या आवाजात, बोर्डावर नाव माझं. शाळेने मला निवृत्तीच्या दोन वर्षं आधी सन्मानाने मोकळं केलं, ते बहुतेक यासाठीच.

घरी येऊन कुकर लावला. शिट्टी झालीच नाही. सुनेत्रा ११ जूनपासून बदलापूरला, लेकीकडे, श्रद्धाकडे. हवापालट. एक स्टेशन पुढे अशी काय वेगळी हवा लागून गेलीये, देव जाणे.

७ जुलै

श्रद्धाचा फोन. आईचा निरोप आहे म्हणे. श्रावण लागल्यापासून अनंत चतुर्दशीपर्यंत एक थेंब नाही. जमलं तर आई घरी येईल. नाही जमलं तर येणार नाही, परत विचारायचंही नाही.

अट. मला. पोटच्या पोरीकडून.

सॉक्रेटिसलाही अट घातली असती तर त्याने मोडली असती, असं तो स्वतः कोर्टात म्हणाला होता. पण त्याच्या बायकोचा विचार केला तर माझी परिस्थिती बरी आहे. त्याच्या बायकोने म्हणे भर रस्त्यात त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं होतं. सुनेत्राने फक्त बाटली ओतली, तीही मोरीत.

आणि हेही लिहून ठेवलंय की सॉक्रेटिस मैफिलीत सगळ्यांच्या बरोबरीने प्यायचा, बाकीचे आडवे व्हायचे आणि हा सकाळी अंघोळ करून कामाला जायचा. त्याला कुणी बेवडा म्हटलं नाही. माझी एक क्वार्टर. एक. कधीतरी दीड.

तरी अट मान्य केली. मनात आणलं तर मला काय अवघड आहे?

२४ जुलै, गटारी

शेवटची. सगळा बुवापाडा पीत असताना एकट्याने न पिणं हा शिष्टपणा झाला असता. सनीच्या गच्चीवर मटण होतं. लोकांचं बोलणं ऐकून मळमळलं. एक जण विचारतो, तुमच्या त्या ग्रीकला डीजे लावायचा की ढोल?

२५ जुलै

श्रावण लागला. दिवस पहिला. काही त्रास नाही. उगाच लोक बाऊ करतात.

२८ जुलै

दिवस चौथा असता, पण काल पोटात कळ आली. औषध म्हणून घेतलेलं मोजायचं नसतं. पुन्हा दिवस पहिला.

३० जुलै

उल्हासनगर, कॅम्प चार. जितेशचा कारखाना. हलत्या देखाव्याच्या मूर्ती भाड्याने देतो. रिक्षावाल्याने गल्लीबाहेरच उतरवलं, पुढे सगळा फर्निचरचा भुसा आणि जीन्स धुतलेलं निळं पाणी. चप्पल वाया.

आत धडं उभी. पंचवीस-तीस. सगळी बिनमुंडक्याची. जितेशने कामाची पद्धत समजावली. शरीर तेच राहतं, मोटर तीच राहते, मंडळ बदललं की डोकं आणि कपडे बदलायचे. ज्याचा हात वर जातो तो एका वर्षी अफझलखान, पुढल्या वर्षी वासुदेव बळवंत, त्याच्या पुढल्या वर्षी स्वच्छता अभियानातला झाडूवाला. मंडळाला परवडतील अशी धडं विचारली तर म्हणाला, सीझनमध्ये आता एकच सेट उरलाय. बाजेवर बसलेला माणूस, उजवा हात तोंडाकडे जातो, मान मागे पडते, मग मान हलते. शेजारी पदर तोंडाला लावून रडणारी बाई. तिच्या मांडीला बिलगलेलं पोर. गेल्या वर्षी बदलापूरला गाजला होता, व्यसनमुक्तीचा.

मी म्हटलं, अरे, मला सॉक्रेटिस हवाय. जितेश म्हणाला, सर, हाथ तो वही जायेगा ना मुँह पे.

उत्तर गचाळ होतं, पण विचार केला तर खोटं नव्हतं. फिडियासनेसुद्धा अथीना एका दगडातून घडवली नव्हती. आत लाकडाचा सांगाडा, वरून हस्तिदंत आणि सोनं. जोडकामच होतं. शिवाय सॉक्रेटिस मरताना शिष्य रडत होते आणि बायकोला घरी पाठवावं लागलं होतं, म्हणजे रडणारी बाई इतिहासाला धरूनच आहे. बाजही चालेल. तुरुंगात काय सोफा असणार?

डोकं मात्र नवीन. सॉक्रेटिसचे जे पुतळे सापडलेत त्यात टक्कल, बसकं नाक आणि बाहेर आलेले डोळे आहेत. जितेशने फोटो मागितला. मी पाकिटातला माझा पासपोर्ट फोटो काढून दिला. त्याने एकदा फोटो पाहिला, एकदा मला पाहिलं, आणि फोटो खिशात टाकला. पहिल्यांदाच या माणसाबद्दल आदर वाटला.

५ ऑगस्ट

मीटिंग. फिडियास कट. पेरिक्लीस कट. श्लीमन कट. धडंच नाहीत. सनीला श्लीमन गेल्याचा आनंदच झाला. म्हणतो, सर, खोदकाम दाखवलं असतं तर लोक म्हणाले असते आपला रस्ता दाखवलाय.

सॉक्रेटिसचं मरतानाचं वाक्य मला घालायचं होतं. वैद्यकीच्या देवाला एक कोंबडा द्यायचाय, तो विसरू नका, असं म्हणून तो गेला. केवढा गहन अर्थ आहे. समितीने कोंबडा ऐकला आणि सगळे अंगावर आले. बाप्पासमोर कोंबडा नाही. निवेदनातही नाही. ठमाबाई, वय ऐंशी, मंडळाच्या सल्लागार, समोरच्या चाळीत राहतात, त्या म्हणाल्या कोंबडा आमच्या गावदेवीला चालतो, गणपतीला चालत नाय. गंमत म्हणजे या बाईच एकट्या ग्रीकांच्या जवळ पोचल्या.

घरी येऊन थोडी घेतली. तीन दृश्यांच्या दुःखात. श्रावणात असलं तरी दुखवटा वेगळा धरतात.

१० ऑगस्ट

दिवस पहिला. मागचे पहिले धरायचे नाहीत.

काल राखीला ओवी फोनवर आली. विचारत होती, आजोबा, तुम्ही आता आजारी नाही ना? सात वर्षांच्या मुलीला काय काय सांगून ठेवलंय यांनी. किळस येते अशा राजकारणाची. मी म्हटलं, बाळा, आजोबा एकदम ठणठणीत. ती म्हणाली, मग आजी रोज कॅलेंडरवर काय बघते?

१५ ऑगस्ट

आज निवेदन रेकॉर्ड झालं. जितेशच्या कारखान्यात, मोबाईलवर, दोन गाद्यांच्या मध्ये बसून. ड्राय डे, त्यामुळे कालच सोय करून ठेवली होती. घसा मोकळा असावा म्हणून. सत्तावीस वर्षं वर्गात खडू खाल्लेला घसा आहे, कोरड्याने चालत नाही.

कमाल झाली. एका दमात अकरा मिनिटं. असा भारदस्त, जडशीळ आवाज मला शाळेत कधी लागला नव्हता. ‘अथेन्सच्या नागरिकांनो’ म्हणताना माझाच ऊर भरून आला. शेवटी तर खरोखर रडलो. जितेशचा कारागीर हसत होता. त्याच्या पिढीला भावना कळत नाहीत. जितेशने विचारलं, सर, दुबारा करें? मी म्हटलं, हे पुन्हा होणे नाही.

२४ ऑगस्ट

डोकं आलं. हुबेहूब. फक्त पेंटरने नाक आणि गाल गुलाबी केलेत, डोळ्यांत लाल रेषा ओढल्यात. मी तक्रार केली तर म्हणतो, फोटो में ऐसाच था. फोटोतली लाईट खराब होती.

श्रावण काल संपला. हिशेबाने पाहिलं तर मी बराचसा पाळला.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

बाप्पा बसले. पडदा उघडला. सॉक्रेटिसने प्याला उचलला, मान मागे टाकली, मान हलवली. बायको रडली. पोर थरथरलं. माझा आवाज बुवापाडाभर घुमला. लोक स्तब्ध. मीही स्तब्ध, कारण ‘महात्मा सॉक्रेटिस, संकल्पना कैलास मास्तर’ हा बोर्ड दिसत नव्हता. त्याच्यावर कुठल्या तरी भावी नगरसेवकाच्या शुभेच्छांचा बॅनर ताणलाय. सनीला सांगितलं. म्हणाला, सर, बॅनर हलवला तर मांडव पडेल, त्याच्यावरच उभा आहे.

इतका घाणेरडा माणूस मी वर्गात बसवून शिकवला.

२९ ऑगस्ट

बायका रांग लावून येतायत. नवऱ्यांना हाताला धरून आणतायत. एकीने तिच्या नवऱ्याला सॉक्रेटिससमोर उभं केलं आणि बोट दाखवून काहीतरी म्हणाली. त्याने मान खाली घातली. मला वाटलं, तत्त्वज्ञान पोचतंय हळूहळू.

मग ठमाबाई आल्या. दोन फेऱ्या पूर्ण पाहिल्या, माझ्याकडे आल्या आणि माझा हात हातात घेतला.

“मास्तर, तुमी लय मोठा काम केला. माजा पोरगा यो बगून दोन दिस घरान गप बसलाय.”

मी विचारलं, सॉक्रेटिस आवडला का? त्या म्हणाल्या, त्यो कोन? मी मूर्तीकडे हात केला. त्या म्हणाल्या, यो तं तुमी हाव. चार माणसांसमोर आपली खोड उघड करायला वाघाचं काळीज लागतं.

मी तिथून निघून आलो. म्हणजे तीन दिवस अख्खं गाव मला दारू पिताना बघतंय. दर अकरा मिनिटांनी. आणि हार घालतंय.

३० ऑगस्ट

सनीला झाडलं. सांगितलं, निवेदन नीट ऐका, त्यात अथेन्स आहे, न्यायसभा आहे, हेमलॉकचं विष आहे. तो म्हणाला, सर, शब्द कुठे कळतायत, पण फील जबरदस्त आहे. दारू प्यालेल्याचा आवाज तुम्ही असला काढलाय की लोक रील बनवतायत. मी म्हटलं, मी आवाज काढलेला नाही. तो हसला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. शिक्षकाच्या पाठीवर.

उद्वेगाने थोडी घेतली. यात माझा दोष काय?

१ सप्टेंबर, गौरीपूजन

श्रद्धाचा फोन. आज तिचा आवाज वेगळा. आईने व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाहिला म्हणाली. कुणीतरी सॉक्रेटिसवर गाणं टाकून पाठवलाय, त्यामुळे निवेदन ऐकू येत नाही, फक्त माझं डोकं आणि प्याला. आई खूप वेळ पाहत बसली, मग रडली. म्हणाली, एवढ्या वर्षांत यांनी मला एकटीला कबूल केलं नाही, आणि आता सगळ्या गावासमोर केलंय.

गुरुवारी येतेय. बॅग घेऊन येतेय.

श्रद्धा म्हणाली, बाबा, मला माफ करा, मीच तुमच्यावर विश्वास ठेवला नाही.

व्हिडिओतला माणूस सॉक्रेटिस आहे हे तिला सांगायला हवं होतं. पण फोनवर एवढा ग्रीक इतिहास कसा सांगणार? आल्यावर सांगेन. किंवा नाही सांगणार. सुनेत्रा येत असेल तर सॉक्रेटिस थोडे दिवस बेवडा राहिला तरी त्याची हरकत नसावी. त्याने याहून वाईट आरोप सोसलेत.

घर झाडलं. कपाटामागच्या बाटल्या भंगारवाल्याला दिल्या. त्याने गोणी दोनदा भरली. पाहुण्यांच्याही असतील त्यात.

३ सप्टेंबर

देखावा स्पर्धेचे परीक्षक येऊन गेले. पहिला नंबर. ‘व्यसनमुक्ती विषयावरील सर्वोत्कृष्ट देखावा.’ शी. उद्या संध्याकाळी सहाला मांडवातच बक्षीस, आणि मी दोन शब्द बोलायचे.

आज खरोखर काही घेतलं नाही. काल पण नाही. परवाही नाही. हात थोडे थरथरतायत, हवा दमट आहे.

४ सप्टेंबर, दुपारी ४

सुनेत्रा आली. बरोबर ओवी. सुनेत्राने बॅग आतल्या खोलीत नेऊन ठेवली, पदर खोचला आणि ओटा पुसायला घेतला. पोहे केले. किती महिन्यांनी घरात कढीपत्त्याचा वास आला. ओवी माझ्या मांडीवर बसून माझं नाक दाबून बघत होती, मूर्तीसारखं लाल आहे का म्हणून.

सहाला बोलायचंय. मला अजिबात टेन्शन नाही. फक्त तोंड कोरडं पडलंय. सनीकडे जाऊन येतो, माईकचं काय ते विचारून.

५ सप्टेंबर

शिक्षक दिन. एकाही विद्यार्थ्याचा फोन नाही.

कालचं लिहून टाकतो. सनीकडे गेलो तेव्हा त्याच्याकडे दोन-चार जण बसले होते. त्यांनी आग्रह केला. एवढ्या सगळ्यांपुढे मी एकटा कुणाकुणाला नाही म्हणणार? अर्धाच ग्लास. मग दुसरा अर्धा.

मांडवात पोचलो तेव्हा सुनेत्रा पुढच्या रांगेत, ओवीला जवळ घेऊन. देखावा सुरू होता. निवेदन चालू होतं. ती मूर्तीकडे बघत नव्हती. स्पीकरकडे बघत होती.

मला स्टेजवर बोलावलं. सूत्रसंचालक म्हणाला, स्वतःचं आयुष्यच समाजासमोर ठेवणारे आपले मास्तर. तिथे माझ्या डोक्यात तिडीक गेली. एवढा अपमान सॉक्रेटिस काय, फिडियासही सहन करणार नाही, आणि त्याच्यावर तर देवीचं सोनं चोरल्याचा आळ होता. माईक घेतला आणि स्पष्ट सांगितलं. हा दारुडा नाही. हा सॉक्रेटिस आहे. तो विष पितोय. आणि मी दारू पीत नाही.

अख्खा मांडव हसून हसून लोळायचा बाकी. शिट्ट्या. टाळ्या. मी पुन्हा सांगितलं, मी दारू पीत नाही. आणखी टाळ्या. उतरताना पायरी चुकली, मला धरायला दोघे धावले, त्यालाही टाळ्या. परीक्षकबाई म्हणाल्या, अशी जिवंत अदाकारी आम्ही पाहिली नाही.

सुनेत्रा हसली नाही. तिच्या रांगेत ती एकटीच.

आज सकाळी तिने विचारलं, निवेदन कधी रेकॉर्ड केलंत. मी म्हटलं, अगं, अभिनय आहे तो, लोकांना विचार. ती कणीक मळत होती. हात थांबवले नाहीत.

“लोकांना नक्कल वाटली. मी एकतीस वर्षं शेजारी झोपलेय. मला नका सांगू.”

मग मी तिला नीट समजावलं. सॉक्रेटिस कोण होता, त्याच्यावर खटला का झाला, हा देखावा खरा कशाचा आहे, सगळं. पाऊण तास तरी बोललो असेन. तिने सगळं ऐकलं. मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी फक्त एवढंच म्हणाली, म्हणजे तो देखावा तुमचा नव्हताच. मी म्हटलं, तेच तर सांगतोय मघापासून. तिने मान हलवली.

भांडली असती तर बरं वाटलं असतं. मला हे शांत प्रकरण अजिबात आवडत नाही.

ओवीने जेवताना विचारलं, आजोबा, तुम्ही असं केलं की सगळे टाळ्या वाजवतात, मग घरी केलं की आजी का रडते? मी म्हटलं, भाजी संपव.

६ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी

विसर्जन. मी गेलो नाही. गुलाल, डीजे, घाम. ओकारी येते.

दुपारी जितेशचा टेम्पो आला होता. धड उचललं, बाज उचलली, रडणारी बाई पोरासकट आडवी करून ताडपत्रीखाली ठेवली. डोकं स्क्रूने काढून माझ्या हातात द्यायला लागला. नको म्हटलं. मग म्हणाला नवरात्राला बदलापूरचं बुकिंग आहे, हाच आवाज पाहिजे. त्यांच्या मैदानासमोरच श्रद्धाची बिल्डिंग आहे. त्यालाही नको म्हटलं. तो म्हणाला, सर, रेकॉर्डिंग तो मेरे पास है.

संध्याकाळी श्रद्धा आली. दोघी आतल्या खोलीत होत्या. कपाटाची दारं उघडल्याचे आवाज आले, हिवाळी कपड्यांच्या खणाचाही. आत जाऊन विचारावं असं दोनदा वाटलं. पेपर वाचत बसलो. पेपर कालचा होता.

७ सप्टेंबर, रविवार

सकाळी नऊ पन्नासला गेल्या. सुनेत्राने जाताना दोन वेळची भाजी करून झाकून ठेवली, गॅस बंद आहे ना ते पाहिलं आणि तिच्याकडची घराची किल्ली फ्रिजवर ठेवली. विसरली असेल म्हणून मी जिन्यापर्यंत घेऊन गेलो. ती म्हणाली, राहू द्या तुमच्याकडे.

बरंच झालं. एक हरवली तर घरात दुसरी असलेली बरी.